आभाराची चार पानं

विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागातल्या हेडक्लार्कला सगळे ‘आभारे’ म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हे. एकोणीस वर्षं विद्यापीठातल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांची आभाराची भाषणं त्यानं लिहून दिली होती आणि एकदाही स्वतः वाचली नव्हती. वाचायचे साहेबलोक. आभारे पडद्याआड उभा राहून नुसते ओठ हलवायचा आणि ‘आता आभारप्रदर्शन’ हे शब्द माईकवर पडले रे पडले, की सभागृहातल्या खुर्च्या कशा खडखडायला लागतात ते बघायचा.

“आपलं लेखनच तसं जबरदस्त,” तो कॅन्टीनमध्ये सांगायचा. “पहिल्या वाक्याला सगळं सभागृह उठून उभं राहतं. असा मान भल्याभल्या लेखकांना मिळत नाही.”

त्याची आणखी एक लाडकी गोष्ट होती. भाषणात विनोद टाकला, की साहेबांना कळावं म्हणून तो कंसात लिहायचा – येथे थांबून हसावे. एका जुन्या अधिष्ठात्यांनी तेही वाचून टाकलं, अगदी सुतकी चेहऱ्यानं. कुणी हसलं नाही. हसायला होतंच कोण? ही गोष्ट सांगताना आभारेच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

यंदा विभागीय विद्यार्थी नेतृत्व परिषद विद्यापीठाच्या गळ्यात पडली. चौदा कॉलेजांची तीनशे मुलं, दोन दिवस. झोपायच्या गाद्यांपासून छातीवरच्या बिल्ल्यांपर्यंत सगळं आभारेच्या डोक्यावर. त्यात चार दिवस आधी विभागप्रमुख बाईंचा घसा बसला. त्यांनी चिठ्ठी लिहून पाठवली : ‘आभार तुम्हीच माना.’

आभारेनं चिठ्ठी तीनदा वाचली आणि खिशात ठेवली. छप्पन्नाव्या वर्षी त्याला शिंगं फुटली. चार पानांचं भाषण झालं. आरशासमोर झालं, फ्रिजसमोर झालं. बायको बैठकीत बसून बिल्ल्यांना दोऱ्या ओवत होती, तिच्यासमोर दोनदा झालं.

“अहो, पाण्याच्या टाकीचेसुद्धा आभार मानलेत,” ती म्हणाली. “पण ऐकायला थांबणार कोण?”

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आभारे दोन दिवस विचार करत होता आणि मग त्याला एक युक्ती सुचली. अशी युक्ती एकोणीस वर्षं रिकाम्या खुर्च्या बघितलेल्या माणसालाच सुचते. कार्यक्रमपत्रिकेत तळाला त्यानं आपल्या हातानं एक ओळ टाकली : ‘प्रमाणपत्रांचे वाटप आभारप्रदर्शनानंतरच होईल.’ तीनशे प्रमाणपत्रं व्यासपीठामागच्या लोखंडी कपाटात कोंबली, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात. दिवसभर तो मधूनमधून खिसा चाचपत होता. आता जा कुठं जाताय ते!

घोड्यानं पेंड खाल्ली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. शेवटच्या सत्राचा विषय होता ‘अन्याय दिसला तर नेत्याने काय करावे’. हा विषयही आभारेनंच निवडलेला. व्याख्यात्या बाई तडफदार होत्या. “मोठा अन्याय शोधत हिंडू नका,” त्यांनी मुलांना बजावलं. “पायाजवळ जो दिसेल तिथून सुरुवात करा.” मग मुलांचे गट पाडले, वीस मिनिटं चर्चेला दिली. आभारे कडेला उभा राहून कौतुकानं मान डोलावत होता.

सातव्या गटाकडून एक चष्मेवाली मुलगी उठली. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत.

“आमच्या गटाला अन्याय इथंच सापडला,” ती म्हणाली. “प्रमाणपत्रं कपाटात कोंडून ठेवलीत. बऱ्याच कॉलेजांच्या बस साडेपाचला सुटतात. दोन दिवस मन लावून बसलो त्याचा कागद मिळवण्यासाठी आम्हाला ओलीस का धरलंय?”

सभागृहानं टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. व्यासपीठावर कुलगुरू बसले होते. त्यांनी पत्रिका उलटीसुलटी केली.

“हा नियम कुणाचा?”

या प्रश्नाला आभारेकडे एक हमखास उत्तर होतं. ‘वरून आदेश आहे.’ त्या तीन शब्दांवर त्यानं अख्खी नोकरी काढली होती. पण आज वर बघितलं तर तिथं कुलगुरूच.

“माझा, सर,” तो म्हणाला.

“का बरं?”

“आभार कुणी ऐकत नाही, सर. यंदा माझे आहेत.”

तीनशे पोरं खदखदून हसली. कुलगुरूही हसले. मग आभारेलाच हसू फुटलं. तीनशे नेत्यांना पुढारपण शिकवायला बोलावलं आणि त्यांना उलथवायला पहिला जुलमी राजा कोण मिळाला, तर पोट सुटलेला हेडक्लार्क! त्यानं किल्ली काढून थेट त्या मुलीच्या हातात दिली.

प्रमाणपत्रं पंधरा मिनिटांत वाटून झाली. कुलगुरू दुसऱ्या बैठकीला गेले, प्राचार्य गाड्यांकडे, मुलं बसकडे. आभारेनं चार पानांची घडी घातली आणि माईकवाल्याला बंद करायची खूण केली.

“काका, थांबा की!” चष्मेवाली दारातून परत आली, मागे तिचा गट. “आमची बस सहाला आहे. करा तुमचं भाषण.”

“आता कशाला पोरी? लाज काढलीस तेवढी पुरे.”

“ती वेगळी. हे वेगळं.”

पहिल्या रांगेत नऊ मुलं बसली. मागच्या रांगेत बायको होती, मांडीवर उरलेल्या बिल्ल्यांचा खोका. आभारेनं पान उघडलं. माननीय कुलगुरू – गेले. प्रमुख पाहुणे – गेले. चौदा प्राचार्य – चौदाच्या चौदा गेले. गेलेल्यांचे आभार मानायला त्याला कसंतरी झालं. तो एकेक ओळ गाळत सुटला आणि तिसऱ्या पानावर आला तेव्हा कळलं, की पाण्याची टाकी आहे, पार्किंग आहे, पण तीनशे बिल्ल्यांच्या दोऱ्या ओवणारी बाई चारही पानांत कुठंच नाही.

“आणि बिल्ले,” तो अडखळला. “बिल्ले आमच्या घरून आले. म्हणजे आपोआप नाही आले. त्या मागं बसल्यात ना, त्यांनी…”

नऊ माना मागं वळल्या.

“पुढं वाचा,” बायको मागून ओरडली. “सहाला बस आहे त्यांची!”

आभारे पार गोंधळला. घाम पुसत त्यानं कागदावर बोट टेकवलं आणि जिथं टेकलं तिथून खड्या आवाजात वाचलं :

“येथे थांबून हसावे.”

माईकवाल्यानं डोक्याला हात लावला. जुनी गोष्ट त्याला पाठ होती. मग पहिली चष्मेवाली खो खो हसायला लागली, मग सगळा गट, मग बायको. इतकी, की तिच्या मांडीवरचा खोका खाली सांडला. आभारे माईकसमोर थांबला, कागदावर लिहिल्याप्रमाणे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच लोक त्याच्या कंसाच्या जागी हसत होते.