दोघींचे फोटो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही धड माहीत नाही — पण सांगते.

कळंब्यात, घरातल्या पुढच्या खोलीत, मी लोकांचे जुने फोटो स्कॅन करून देते. एकेक फोटो पुसायचा, काचेवर ठेवायचा, कॉम्प्युटरात घ्यायचा. मग फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, प्रसंग, साल घालून सगळं ओळीनं लावायचं. माझं काम नीटनेटकं, असं लोक म्हणतात. त्या शब्दाचा मला फार अभिमान होता.

समोरच्या घरात मालूअक्का राहतात. माहेर बिद्रीकडचं, आवाज मोठा, पोटात काही ठेवायचं नाही. त्यांची मुलगी सुजाता मस्कतला नर्स होती. सहा वर्षांत दोनदाच घरी आली. तिसऱ्यांदा आली ती पेटीतून — तिकडं रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. पेटी उघडू दिली नाही.

तीन महिन्यांनी अक्का माझ्याकडं आल्या. एका हातात अल्बम, दुसऱ्या हातात फोन. म्हणाल्या, "पोरीचं समदं एका जागी करून दे बाई. आन् ह्या फोनात आमचं दोघींचं फोटू हायत, ते पयलं घाल."

दोघींचे म्हणजे कसले, हे मी विचारलं नाही. विचारायला किती वेळ लागला असता?

अल्बम मी जीव लावून केला. बारसं, शाळेतला नाच, नर्सिंगची पांढरी टोपी. एका फोटोवरचा बुरशीचा डाग काढायला अख्खी दुपार घालवली. मग फोन जोडला. तो गच्च भरलेला, धड उघडेना. सॉफ्टवेअरनं आपणहून वाटण्या केल्या — कॅमेऱ्याचे फोटो एकीकडं, लोकांनी पाठवलेले एकीकडं, स्क्रीनशॉट एकीकडं. दोनशेच्या वर स्क्रीनशॉट. आणि माझ्या लेखी स्क्रीनशॉट म्हणजे केर. बसची तिकिटं, कुणाचे तरी नंबर, भाज्यांच्या कृती — दुसरं काय असतं? सगळे एकदम निवडले आणि फोनमधूनच उडवले. जागा होईना म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

न बघता केलं, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते.

ते खोटं आहे. बारीक बारीक चौकोन सरकताना मला दिसले होते — अंधुक, हललेले, कुणाचे तरी चेहरे. दिसले, आणि हात थांबला नाही. असले वाकडेतिकडे फोटो मला आवडत नाहीत. कारण एवढंच.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. पडद्यावर एकेक फोटो बघितला, टोपीच्या फोटोपाशी पदर डोळ्याला लावला. मग विचारलं, "आन् आमचं दोघींचं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. व्हिडिओ कॉल चालू असताना दोन बटणं एकदम दाबायची, म्हणजे पडद्याचा फोटो निघतो, असं सुजातानं त्यांना शिकवलं होतं. लेक पडदाभर, आणि आई कोपऱ्यातल्या चौकोनात. आठवड्याला एखादा काढायच्या. त्या सहा वर्षांतला मायलेकींचा एकत्र फोटो दुसरा कुठलाच नव्हता.

मला जागच्या जागी कळलं, मी काय केलंय ते. आणि तोंडातून काय बाहेर पडलं?

"अक्का, तुमच्याकडनं बटणं नीट दाबली गेली नसतील. फोनमध्ये एकही नाही."

त्या भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर कदाचित — पण नाही.

"न्हाईत? टिक करून आवाज यायचा की गं."

मी नुसती मान हलवली. त्यांनी फोन उचलला, पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "मला येडीला काय कळतंय. तुला उगं तरास."

नंतर गल्लीत त्या स्वतःच सांगायच्या — पोरगी शिकवून शिकवून दमली, पर मला काय जमलं न्हाय. तो फोन त्यांनी कपाटात टाकला आणि बटणांचा साधा घेतला. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, व्हिडिओ कॉल लाव, नात दाखवतो. त्या म्हणतात, "मला त्यातलं जमत न्हाय रं, आवाज येतोय तेवढं बास." नातीला त्या वर्षातून एकदा बघतात.

इथं थांबले तर तुम्हाला वाटेल, सगळं सांगून झालं. नाही झालेलं.

आठवड्याभरानं, घरात कुणी नसताना, मी ते फोटो परत मिळतात का बघितलं. नाही मिळाले. पण सॉफ्टवेअर बघण्यापुरत्या लहान प्रती आपल्याजवळ ठेवतं, त्यात एक सापडला. काडेपेटीएवढा. सुजाता ड्युटीच्या कपड्यांत, काहीतरी खात खात हसतेय. कोपऱ्यात अक्कांचं कपाळ आणि चष्म्याची अर्धी काच.

मी तो दिला नाही. एक आहे म्हणजे बाकीचेही होते — हे त्यांना लगेच कळलं असतं. 'जुनी कागदपत्रं' नावाचा फोल्डर केला आणि त्यात ठेवला. त्याला चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात राजारामपुरीत, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं अक्कांना मीच स्कूटरवरून घेऊन गेले. उजवा डोळा गेलाय. डाव्याचंही सांगता येत नाही म्हणाले — वर्ष, फार तर दीड. येताना त्या माझा खांदा घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना दारात सोडलं, हात धरून पायऱ्या चढवल्या. "लेकीवानी केलंस," म्हणाल्या.

घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. फोटो उघडला, बराच वेळ बघितला. आणि बंद केला.