माझं बीपी, त्याची रजा

विचुंबे गावात मी आणि माझा मित्र एका खोलीत राहायचो आणि एकाच गोदामाच्या ऑफिसात शेजारी बसून मालाच्या नोंदी करायचो. फरक फक्त गळ्यात. त्याच्या ओळखपत्राची दोरी निळी, म्हणजे पर्मनंट. माझी पिवळी, म्हणजे अकरा महिन्यांचं कंत्राट. ते संपलं की घरी बसून पुन्हा बोलावतात का, याची वाट बघायची. माझी तिसरी खेप जवळ आली होती.

त्याच्या पगारावर मी जळायचोच, पण त्याहून जास्त जळायचो त्याच्या तापावर. पठ्ठ्याला नुसती कणकण आली तरी साहेबांना मेसेज टाकून पांघरूण ओढायचा. मी मात्र गोळी गिळून कामावर. पिवळ्या दोरीवाल्याचं आजारपण पुन्हा बोलावण्याची यादी करताना बरोब्बर आठवतं. म्हणून महिनाभर डोकं ठणकत होतं, जिना चढताना धडधडत होतं, तरी मी चकार शब्द काढला नव्हता.

त्यात निळ्या दोरीवाल्यांसाठी मोफत आरोग्य तपासणी निघाली. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग उपमा. हा बहाद्दर सुईला घाबरणारा.

"माझं कार्ड घालून तूच जा ना," तो म्हणाला. "फोटोत दाढी, तुलाही दाढी. बाहेरचे लोक येणारेत, कोण बघतंय?"

मी एका पायावर तयार. तासभर का होईना, निळी दोरी मिरवायला मिळणार होती! छाती काढून रांगेत उभा राहिलो. नर्सबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुगवला.

"धावत आलात का?"

"नाही हो."

त्यांनी फॉर्मवर लाल शाईने काहीतरी लिहिलं. मी दोनदा उपमा घेतला.

तिसऱ्या दिवशी साहेब आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, एकशे सत्तर बीपी घेऊन काम करतोस? आठ दिवस भरपगारी रजा. घरी पड." मग माझ्याकडे वळले. "याचं काम तू बघ. तू काय, ठणठणीत आहेस."

माझ्या बीपीवर तो लोळत होता आणि मी दोघांच्या नोंदी करत होतो. अलिबागकडच्या गावाहून त्याची आई धावत आली. त्याच्या ताटात अळणी कालवण, माझ्या ताटात मिठातले तळलेले बोंबील.

"तू खा रे बाबा, तुला काय नाय झालेलं," ती म्हणायची. मला त्याच्या अळणी कालवणाचाही हेवा वाटू लागला.

पाचव्या दिवशी जिन्यात मला गरगरलं. कठडा धरून कसाबसा घरी आलो. तो कालवण चिवडत बसला होता. माझा चेहरा बघून ताट सरकवत ओरडला, "आई, बीपी याचं आहे! माझं नाही!"

तिने दोघांकडे पाहिलं. ताटांची अदलाबदल केली.

"उद्या दवाखान्यात चल."

"काकी, कामावर खाडा—"

"कामावर हा जाईल. बरा हाय ना तो?"

दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा मी माझं स्वतःचं सांगितलं. गोळ्या मिळाल्या, आणि तीन दिवस विश्रांतीचं सर्टिफिकेटही.

गोळी रोज घेतो. सर्टिफिकेट घडी करून ओळखपत्रामागे ठेवलंय. निळी दोरी मिळाली की पहिल्याच दिवशी साहेबांना देणार आहे.