अशी कोणी इथे राहत नाही

गल्लीत त्याला सगळे पाना म्हणायचे. टू-व्हीलरचं गॅरेज, खिशात कायम पाना, आणि डोकंही तसलंच, एकदा बसलं की हलायचं नाही. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे बाप गेला, धाकटी बहीण हुशार, आणि दोघांना शिकवणं आईला झेपणारं नव्हतं. कोणी हळहळलं की पाना म्हणायचा, मला तसंही गणित चावायचं.

धाकटी इंजिनिअरिंगला गेली. तिसऱ्या वर्षी तिची निवड झाली, सैन्यासाठी रडार बनवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत. उन्हाळाभर संशोधन, वर पगार. पानाने आईला उचलून गरागरा फिरवलं. धाकटीने मात्र दोघांना दटावलं: गुपित काम आहे, कोणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. पाना शब्दाचा पक्का.

त्यात गल्लीची रीत अशी, की इस्त्रीचा शर्ट आत शिरला आणि कोणाचं नाव विचारू लागला, तर ते नाव कोणी ऐकलेलंच नसायचं. निम्म्या घरांची वीज आकड्यावरची, एकदोघांची पोरं पोलिसांना हवी होती.

एका दुपारी तसाच एक शर्ट आला, बगलेत फाईल. गॅरेजपाशी थांबून त्याने धाकटीचं पूर्ण नाव घेतलं. ही इथेच राहते ना, कशी आहे, ऊठबस कोणात?

पानाने चेनवरची नजर काढली नाही. "अशी कोणी इथे राहत नाही."

"पत्ता तर हाच आहे."

"मग पत्त्यालाच विचारा."

त्याने पुढे शिंपिणीला विचारलं. ती म्हणाली, या गल्लीत पोरीच नाहीत, आणि तेवढ्यात तिच्याच पोरी दप्तरं घेऊन घरात शिरल्या. माणूस गेल्यावर सगळे पोट धरून हसले. पानाने चहा पाजला.

काही दिवसांनी प्रयोगशाळेने कळवलं: राहत्या पत्त्याची खात्री पटली नाही, निवड रद्द.

धाकटीने विचारलं, घरी कोणी आलं होतं का. पानाने छाती काढून सगळं सांगितलं. तिचा चेहरा बघता बघता त्याचा आवाज बसत गेला.

"तूच म्हणालीस, बोलायचं नाही."

"कामाबद्दल, दादा. मी आहे की नाही, याबद्दल नाही."

दुसऱ्या दिवशी तो रेशनकार्ड घेऊन प्रयोगशाळेच्या गेटवर गेला, त्या दिवशी मीच खोटं बोललो म्हणून सांगितलं. शिपाई म्हणाला, खोटारड्यांच्या घरातली पोरगी इथे कोण घेईल? पाना अंगावर धावला. गेटवरच्या दोघांनी धरून त्याला रस्त्यावर ढकललं. हे त्याने घरी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. पत्ता दिला मैत्रिणीचा, बंगल्यांच्या रस्त्यावरचा, आणि तपासणीत खोट निघू नये म्हणून राहायलाही तिकडेच गेली. ट्रंक पानानेच स्कूटरवरून पोचवली.

फाटकाशी ती म्हणाली, "तपासणी होईपर्यंत इकडे येऊ नकोस, दादा. रागाने नाही म्हणत."

त्यात काय, म्हणत पानाने स्कूटर वळवली.

तिची निवड झाली. ते सांगायला गॅरेजवर फोन आला तो मैत्रिणीच्या आईचा. धाकटी तोवर कामावर रुजूही झाली होती.