जायफळाचे चौदा वेढे

काल सून नातवासाठी सहाणेवर जायफळ उगाळत होती. तो वास आला आणि मी म्हटलं, "दोनच वेढे दे."

बावीस वर्षांपूर्वी माझे मालक जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. पत्र्याच्या खोलीत दिवसा त्यांचा डोळा लागत नसे. सासूबाई म्हणाल्या, "दुधात सात वेढे दे, जास्ती न्हाई." मी चौदा दिले. ते गाढ झोपले. दुपारीच निरोप आला, माणूस कमी आहे, जल्दी या.

"डोकं जड होऊन राह्यलं गं," ते दारात म्हणाले.

"जा, खाडा पडंल."

संध्याकाळी यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौदा वेढ्यांचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. कारखान्याने नऊ हजार दिले. ते त्यांनी डाव्या हाताने घेतले आणि माझ्या हातात ठेवले.