सुधारलेल्या बाईचा सत्कार

फ्लेक्सवर माझा फोटो होता. ओळखपत्रावरचाच, ताणून मोठा केलेला. खाली लिहिलं होतं, 'तुरुंगातून स्वाभिमानाकडे! महिलादिनी जाहीर सत्कार.' शेजारी आमच्या मालकीण मॅडम, हात जोडून हसणाऱ्या. त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

संगमनेरजवळच्या पनीरच्या कारखान्याचं गेट. सकाळची पाळी. पॅकिंगच्या बाया खाली उभ्या राहून वाचत होत्या. मला बघितलं. बाजूला सरकून वाट दिली. देवीच्या रांगेतसुद्धा मला कुणी इतकी मोकळी वाट दिली नव्हती.

मी आत जाऊन आलेय, हे फक्त ऑफिसला माहीत होतं. पोलीस पडताळणीच्या कागदावर होतं ना. कामावर घेताना मॅडम म्हणाल्या होत्या, "हे तुमच्या-माझ्यातच राहील, ताई." इतकं गोड बोलल्या की मला तेव्हाच संशय आला होता. तुरुंगात मी एक शिकले. शिव्या देणारी परवडते. गोड बोलणारीला काहीतरी पाहिजे असतं. पण काष्टीला, आमच्या गावात, मला कुणी खुरपायलाही बोलवत नव्हतं. काम पाहिजे होतं. म्हटलं, गोड तर गोड.

पॅकिंगच्या खोलीबाहेर भिंतीला खुंट्या आहेत. बाया पर्सा, पिशव्या तिथं अडकवून आत जातात. त्या दुपारी जेवायला बाहेर आले, तर सगळ्या खुंट्या मोकळ्या. माझी एकटीची पिशवी लोंबत होती. सलमा रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्कानं घ्यायची. आज ती पर्स मांडीवर दाबून एका हातानं जेवत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. मला रडू आलं नाही. राग आला.

तशीच ऑफिसात गेले. "मला सत्कार नको."

मॅडम हसल्या. "असं कसं? पाहुणे येणार आहेत. तुमचं कायम केल्याचं पत्र स्टेजवरच देऊ या की."

माझी दुखरी नस त्यांना बरोबर ठाऊक. कायम होण्यासाठीच तर मी इतके दिवस खाली मान घालून राबत होते. तात्पुरत्या बाईला कुणीही, कधीही 'उद्या येऊ नको' म्हणतं. म्हणून गेले स्टेजवर.

शाल आली. नारळ आला. फोटो नीट आला नाही म्हणून पाहुण्यांनी शाल काढून पुन्हा घातली. मग मॅडमनी माईक माझ्या तोंडापुढे धरला.

"ताई, तुमच्या तोंडून सांगा. तुमच्या हातून काय गुन्हा घडला, आणि आमच्याकडे येऊन तुमच्यात काय बदल झाला?"

समोर सगळ्या बाया. सलमा पहिल्या रांगेत. सगळ्यांच्या पर्सा मांडीवर.

काय केलं होतं मी? हे वाचणाऱ्यालाही तेच हवं असेल. नाही सांगणार. विचारायचा हक्क कोर्टाला होता. कोर्टानं विचारलं, शिक्षा दिली. ती मी पुरी भोगली. विषय संपला.

"मॅडम, मी हितं सुधरायला न्हाई आले. पगारावर आले. माजं पत्र कुठंय, तेवढं सांगा."

मॅडमनी माईक काढून घेतला. टाळ्या वाजवायला सांगितलं. काहींनी वाजवल्याही. पत्राचं नावच निघालं नाही. मी शालीची घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि खाली उतरले.

नळावर बॉयलरवरचा दत्तू भेटला. एरवी कुणाशी बोलत नाही. इकडंतिकडं बघून म्हणाला, "ताई, मी बी आत जाऊन आलोय. टेम्पोवरचा बबन बी. आमाला कायम केलं न्हाई. जरा आवाज केला की म्हनत्यात, तुजा कागद हाय आमच्याकडं, सांगू का समद्यांना?"

तेव्हा लख्ख कळलं. आम्हाला उपकार म्हणून ठेवलं नव्हतं. आमचं तोंड दाबता येतं म्हणून ठेवलं होतं. आणि माझा कागद तर त्यांनी स्वतःच्या हातानं गेटवर टांगला होता. आता मला भीती घालायला त्यांच्याकडे काय उरलं?

दुसऱ्या दिवशी वॉचमननं अडवलं. "तुमाला आत सोडायचं न्हाई, ताई. वरून सांगितलंय."

मी घरी गेले नाही. फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या आणि तो उलटा केला. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. तिच्यावर काळ्या रंगानं लिहिलं, 'शिक्षा भोगून झाली. आता कामाचा हक्क द्या.' त्याच दोऱ्यांनी गेटसमोरच्या बाभळीला बांधला आणि खाली बसले.

दत्तू शेजारी येऊन बसलाय. बबन लांबूनच बघतो. तो येईलसं वाटत नाही. दत्तूही फुटेल कदाचित. माझा कुणावर पुरता विश्वास नाही. काल एक पुढारी पाठिंबा द्यायला आला आणि आधी मोबाईल बाहेर काढला. म्हटलं, "फोटो बास झाले. पाठिंबा द्यायचा तर हितं खाली बसा." गेला.

सलमा पर्स धरून समोरून जाते. मॅडमची गाडी काचा लावून आत जाते.

दत्तू उठला तरी मी उठणार नाही. पत्र याच गेटवर, माझ्या हातात पाहिजे. त्यावर माझं नाव आणि माझं काम, एवढंच पाहिजे. 'सुधारलेली' असा एक शब्द जरी दिसला, तर तिथल्या तिथं फाडीन आणि पुन्हा खाली बसेन.