चारवर थांबलेला आकडा

उधव्याजवळच्या आरोग्य केंद्रात मी पोचले तेव्हा लसींच्या फ्रिजवर चार अंश दिसत होते. सिस्टरांनी दोनदा झाकण उघडलं, तरी चारच.

"आमचा फ्रिज बघा किती शहाणा. सकाळपासून हलला नाही," त्या म्हणाल्या.

झाकण उघडल्यावर आकडा थोडा तरी हलायला हवा होता. फ्रिजचा कंट्रोलर डहाणूतल्या आमच्या छोट्या कंपनीचा. मी देखभालीला आले होते. आत तापमानाचा सेन्सर एकच. तो वाचून फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरमध्येच भरलेला प्रोग्राम, कॉम्प्रेसर चालवतं आणि तोच वाचून ऑपरेटिंग सिस्टिम स्क्रीनवर आकडा दाखवते. दोघांनी एकदम वाचलं तर गोंधळ होतो, म्हणून मध्ये एक लॉक आहे. एकाने ते घेतलं की दुसऱ्याने थांबायचं. पण सिस्टिम लॉक घेऊनच अडकली असेल तर? फर्मवेअर मुकाट थांबून राहणार. कॉम्प्रेसर बंद, आणि स्क्रीनवर जुना चार.

मी फ्रिजला कान लावला. काहीच आवाज नव्हता.

बाहेर ओटीवर आया बाळं घेऊन बसल्या होत्या. "सिस्टर, ही झोपलीय तोवर टोचा. मग ऐकायची नाही," एक जण म्हणाली. सिस्टरांनी कुपी उचलली.

अनोळखी माणसांत माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत, तोवर बोलायची वेळ गेलेली असते. या वेळी नुसतं "थांबा!" निघालं, तेही केवढ्यानं.

"अगंबाई, हिला आवाज आहे की!" सिस्टर हसल्या.

"आतलं काचेचं थर्मामीटर बघा ना, प्लीज."

त्यांनी पाहिलं आणि हसू गेलं. "अकरा. आठच्या वर जायला नको."

एकेक कुपी त्यांनी खिडकीशी धरली. उष्णता लागली की लेबलवरचा चौकोन गडद होतो. "अजून फिका आहे. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचणार नाही." कुपी बर्फाच्या पेटीत गेल्या. आयांना परवा यायला सांगितलं.

"परत एवढं चालायचं?" झोपलेल्या बाळाची आई म्हणाली. बघत होती मात्र माझ्याकडे.

मी सिस्टिम बंद करून पुन्हा चालू केली. कॉम्प्रेसर घुरघुरला.

"झालं ना?" सिस्टरांनी विचारलं.

मला हो म्हणवेना. लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा फर्मवेअरला घातल्याशिवाय हे पुन्हा होणार होतं. मी स्क्रीनवर कागद चिकटवला: 'इथे पाहू नका. आतलं थर्मामीटर पाहा.'

कागदाआडून हिरवा आकडा दिसत होता. निघेपर्यंत मी तो वाकून वाकून पाहत होते, बदलतोय ना म्हणून.