पट्टीवरचे ऊन
१९९२च्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी, दुपारच्या एसटीने, जिंतूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रातली गोवराची लस तालुक्याला परत गेली. बुधवारी त्याच उपकेंद्रात लसीकरण ठरलेले होते.

उपकेंद्राचा फ्रिज छपरावरच्या सोलर प्लेटांवर चाले. गावात वीज होती, पण तिच्यावर लस ठेवावी इतकी नव्हती. पावसाळ्यात गावाअलीकडच्या ओढ्याला पाणी आले की एसटी अडायची, म्हणून हा फ्रिज दिलेला होता. तो बसवणाऱ्या माणसाने उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगितले होते की बॅटरीला रोज चार तास ऊन पाहिजे.

मी तेव्हा परभणीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. हवामानाची चौकट माझ्याकडे होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्या वाढल्या की ती शेवटच्या पानावर जायची, कधी गळायची. रोज संध्याकाळी सायकलने वेधशाळेत जायचे आणि तापमान, पाऊस, उन्हाचे तास वहीत उतरवून आणायचे, एवढे काम.

उन्हाचे तास एका काचेच्या गोळ्यावरून कळत. गोळ्यामागे कागदाची पट्टी लावलेली असे. ऊन पडले की ती जळत जाई, ढग आला की जळणे थांबे. सूर्य मावळल्यावर पट्टी काढून जळलेली लांबी मोजायची. त्या वर्षी दिल्लीहून संगणकाचा अंदाज येऊ लागला होता. त्यात उद्या ढग किती हे असे, ऊन किती हे नसे. वेधशाळेतल्या निरीक्षकांनी जुन्या पट्ट्या आणि ढगांच्या जुन्या नोंदी ताडून एक कोष्टक केले होते: इतके ढग, तर इतके तास. त्यावरून ते उद्याचे ऊन काढत आणि मी ते ‘निरभ्र’, ‘अंशतः ढगाळ’ अशा शब्दांत छापत असे.

सोमवारी अकराच्या सुमारास सिस्टरनी पोस्टातून कचेरीत फोन केला.

"भाऊ, उद्या ऊन हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"पेपरात दिलंय, सिस्टर."

"पेपरात अंशतः ढगाळ हाय. माझा फ्रिज अंशतः चालत न्हाई."

लस आठ अंशांच्या वर गेली की टाकून द्यावी लागते. आसपासच्या वस्त्यांवर गोवर होता. मंगळवारी ऊन पडले तर लस फ्रिजात बुधवारपर्यंत टिकणार होती. ऊन पडले नाही तर ती सोमवारीच तालुक्याला पाठवून बुधवारच्या पहिल्या एसटीने परत मागवावी लागणार होती, म्हणजे ओढ्यावर भरवसा ठेवावा लागणार होता. मी त्यांना एक वाजता पुन्हा फोन करायला सांगितले आणि वेधशाळेत गेलो.

"या पत्रकार," निरीक्षक म्हणाले. "आज दुपारीच ऊन न्यायला आलात?"

त्यांनी दिल्लीचा कागद पाहिला, कोष्टकावर बोट फिरवले आणि सांगितले, मंगळवारी चार तास चाळीस मिनिटे. मी आदल्या दिवसाची पट्टी मागितली. तिच्यावर सलग रेघ नव्हती, जळक्या ठिपक्यांची माळ होती. तुटक ढगांतून ऊन क्षणभर आले तरी ठिपका पडतो आणि तो त्या क्षणापेक्षा रुंद असतो. नोंद मात्र पाच तासांची होती.

"ठिपक्याला ठिपका लागला की सलग धरायचं," निरीक्षक म्हणाले.

"मधला ढग?"

"माझ्या आधीच्यानं असंच मोजलं, त्याच्या आधीच्यानंबी. मी आता वेगळं मोजू लागलो तर लोक म्हणतील, परभणीचं ऊन कमी व्हायलंय."

कोष्टक याच पट्ट्यांवरून केलेले होते.

एक वाजता कचेरीत सिस्टरचा फोन आला. त्या बॅटरीवरचा काटा दिवसातून तीनदा पाहून वहीत लिहीत. मी वेधशाळेतून पट्ट्या पाहून आणलेले गेल्या सहा दिवसांचे तास, रेघ की ठिपके यासह, वाचत गेलो, त्या काटा वाचत गेल्या. सलग रेघेच्या दोन दिवशी काटा हिरव्यात होता. ठिपक्यांच्या चार दिवशी, पाच-पाच तासांची नोंद असूनही, तो पिवळ्यात उतरला होता.

"मंग उद्याचं तुमचं ऊन कसलं?" त्यांनी विचारले. "रेघंचं का ठिपक्याचं?"

ते दिल्लीच्या कागदावर नव्हते. मी तसे सांगितले. बाहेरचे आभाळ कसे आहे, असेही विचारले.

"पिंजलेल्या कापसावानी," त्या म्हणाल्या. "पाठवते लसीचा डबा. ओढ्याचं ओढा बघंल."

मंगळवारच्या पट्टीवर ठिपके होते. निरीक्षकांच्या मोजणीने ते चार तास पस्तीस मिनिटे भरले. सिस्टरच्या वहीत त्या संध्याकाळी काटा लाल भागात होता.

त्या रात्री ओढ्याच्या वरच्या अंगाला पाऊस झाला. बुधवारी पहिली एसटी ओढ्यापाशी थांबली. पाणी उतरल्यावर, साडेअकराला, ती गावात आली. डब्यातला बर्फ शाबूत होता. जवळच्या घरांतल्या मुलांना लस दिली गेली. लांबच्या वस्त्यांवरून आलेल्या बाया खुरपणीला परत गेल्या होत्या. सिस्टर दुपारी तीन वाजेपर्यंत शेतांतून फिरल्या आणि त्यांना काही सापडल्या.

सात मुले राहिली. पुढच्या महिन्यातल्या लसीकरणात त्यांतल्या सहांना लस दिल्याची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरात आहे. सातव्या नावापुढे, ती एक मुलगी होती, सिस्टरच्या अक्षरात लिहिले आहे: गोवर येऊन गेला.